अंगठ्याने न कळणारी सीट

सायकलची सीट घ्यायला आलेला माणूस दुकानात आधी काय करतो, तर अंगठ्याने सीट दाबून बघतो. अंगठा जास्त रुतला की सीट चांगली. नगरच्या दुकानांत, संगमनेर-श्रीरामपूरच्या बाजारात हेच चालतं, आणि दुकानदारही तीच सीट पुढे करतो: "ही घेऊन जा, एकदम गादी आहे." ती सायकलवर चढवून माणूस नगर-मनमाड रस्त्याला लागतो. पहिले काही किलोमीटर बरं वाटतं. विळद घाट मागे पडतो तोवर जांघेत मुंग्या यायला लागतात. राहुरी जवळ येईस्तोवर तो दर थोड्या वेळाने पेडलवर उभा राहून अंग मोकळं करत असतो, आणि शेवटी स्वतःलाच बोल लावतो: सवय राहिली नाही, वय झालं.

बहुतेक वेळा चूक त्याची नसते. सीटची सोय तीन गोष्टींवर ठरते. तिची रुंदी बसणाऱ्याच्या हाडांना जुळते का, तो सायकलवर ताठ बसतो की वाकून, आणि सीट किती उंचीवर, कोणत्या कलाने बसवली आहे. मऊपणाचा नंबर यांच्या मागून लागतो, आणि लांबच्या पल्ल्याला तर तो बऱ्याचदा आडवाच येतो. गेली सव्वाशेहून अधिक वर्षं जगभर या प्रश्नावर डोकं चाललं आहे. त्यातलं आपल्या रस्त्यांना आणि आपल्या माणसांना काय लागू पडतं, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात शरीरापासून करू. आपण बसतो ते कमरेच्या खालच्या दोन हाडांवर. फरशीवर पाय पसरून ताठ बसलं आणि अंग जरा डावी-उजवीकडे झुलवलं, की दोन्ही कुल्ल्यांत एकेक टणक टेंगूळ जाणवतं. अंगाचा भार पेलायला निसर्गाने ती जागा केली आहे. त्या दोहोंच्या मधल्या भागातून जननेंद्रियांकडे जाणारी नस आणि रक्तवाहिन्या जातात, तिथे भार पडू नये. सीट या हाडांच्या अंतरापेक्षा अरुंद असली तर हाडं कडेबाहेर जातात आणि सगळा दाब मधल्या नाजूक जागेवर येतो. फारच रुंद असली तर पेडलच्या दर फेऱ्याला मांड्या आतून तिच्यावर घासतात.

हे अंतर घरी मोजता येतं आणि त्याला पैसा लागत नाही. किराणा दुकानातून बिस्किटांच्या खोक्याचा जाड पन्हाळी पुठ्ठा आणायचा, तो लाकडी स्टुलावर किंवा दगडी ओट्यावर ठेवायचा आणि पातळ कपड्यात त्यावर बसायचं. पायांखाली एक-दोन विटा घ्यायच्या, म्हणजे गुडघे खुब्यापेक्षा थोडे वर येतात. मग दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून स्वतःला खाली ओढून धरायचं, पंधरा-वीस सेकंद. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले असतात. दारातला उजेड तिरपा पडला की ते दिसतात, नाही दिसले तर बोटांनी चाचपता येतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावायची. बहुतेक मोठ्या माणसांचं हे अंतर १० ते १४ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सीटच्या मागच्या भागाची रुंदी मिळते. ताठ बसणाऱ्याने जास्त मिळवावे, वाकून बसणाऱ्याने कमी. अंगाने जाड माणसाला रुंद सीट आणि सडपातळ माणसाला अरुंद, हा दुकानातला ठोकताळा चुकतो, कारण अंगावरच्या मांसावरून या हाडांमधलं अंतर कळत नाही. स्त्रियांत ते सरासरीने जास्त असतं, पण एखाद्या उंच्यापुऱ्या पुरुषापेक्षा कमी अंतराच्या बायकाही पुष्कळ असतात. म्हणून मोजलेलं बरं.

आता प्रश्न बसण्याच्या पद्धतीचा. नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा. इथे सायकलही एका तऱ्हेची नाही. राहाता, राहुरी, नेवासा या उसाच्या पट्ट्यात काळ्या दांडीच्या सायकलवर कॅन लावून दूध घालणारे अजून दिसतात. साखर कारखान्याच्या पाळीला सायकलवर जाणाऱ्या कामगारांची पिढी अजून हयात आहे. वस्तीवरून गावातल्या शाळेत येणाऱ्या मुली आहेत. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत गिअरच्या सायकली घेऊन पहाटे चांदबीबी महालाचा चढ चढणारे, डोंगरगणला जाऊन येणारे डॉक्टर, वकील, व्यापारी आहेत. दूधवाला पाठ ताठ ठेवून बसतो, त्याचा जवळजवळ सगळा भार सीटच्या मागच्या रुंद भागावर असतो. गिअरच्या सायकलवर खाली वाकलेल्या माणसाची कंबर पुढे कलते, आणि बैठकीची हाडं पुढच्या बाजूला एकमेकांजवळ येत जातात, म्हणून त्याचा टेकायचा भागही अरुंद होतो. शर्यतीच्या सायकलची सीट १३ ते १५ सेंटिमीटर रुंद आणि काळ्या सायकलची २० सेंटिमीटरच्या पुढे का असते, त्याचं उत्तर यात आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकीची सीट दुसरीवर चढवल्यावर. गिअरच्या सायकलची मूळ सीट "काटकीसारखी" म्हणून काढून तिच्यावर रुंद स्प्रिंगवाली सीट बसवलेली मी जागोजागी पाहतो. तिच्यावरून वाकून पेडल मारणाऱ्याच्या मांड्या दोन तासांत सोलून निघतात.

काळ्या सायकलच्या जुन्या सीटबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण सोयीचा विचार तिच्यात फार पक्का होता. तो वाण इंग्लंडचा. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा काढला, आणि १८८२ मध्ये सायकलच्या चामडी सीटचं पेटंट घेतलं. घोडा मेल्यावर त्यांनी उसनी सायकल घेतली आणि तिच्या लाकडी सीटने हैराण होऊन नवी घडवली, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. तिची रचना बाजेसारखी: पुढे टोकाला आणि मागे लोखंडी पट्टीला जाड चामडं ताणून बांधलेलं, मध्ये खाली काहीच नाही. बसणाऱ्याच्या हाडांखाली ते हळूहळू खोलगट होतं, काही शे किलोमीटरनंतर त्या एका माणसाचं होऊन जातं. खाली मागे दोन वळ्यांच्या स्प्रिंगा आल्या की खड्ड्याचा दणका कमरेपर्यंत पोचत नाही. रॅले, हर्क्युलिस, बीएसए या इंग्रजी सायकलींबरोबर ही घडण आपल्याकडे आली, आणि स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थानात कारखाने निघाल्यावर, १९५१ मध्ये ॲटलास, १९५६ मध्ये हीरो, तीच पुढे चालू राहिली.

ब्रुक्स यांच्याच काळात इंग्लंडच्या डर्स्ली गावात राहणारे मिकाएल पेडरसन नावाचे डॅनिश कारागीर याहून पुढे गेले. त्यांनी दोऱ्यांनी विणलेली झुलती सीट आधी केली, ती नेहमीच्या सायकलवर बसेना म्हणून मग तिच्यासाठी वेगळी सायकलच घडवली आणि १८९३ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. सायकलच्या इतिहासात सीट आधी आणि सांगाडा नंतर असं दुसरं मोठं उदाहरण मला माहीत नाही. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आपल्याकडे पुढे चामडं महाग झालं आणि सीटा रेक्झिनच्या झाल्या. स्प्रिंगा राहिल्या, आकार राहिला, पण ताणलेल्या चामड्याच्या जागी पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर चिकटवलेला फोम आला. दिसायला तीच सीट, पण अंगाला जुळवून घेण्याचा तिचा गुण गेला. दोन-तीन उन्हाळ्यांत फोम बसतो, रेक्झिनला चिरा पडतात, त्यांतून पाणी आत जातं, आणि मग वरून प्लास्टिकची पिशवी बांधून माणूस तशीच सायकल चालवत राहतो. खरी चामडी सीट आजही मिळते. चांगल्या विलायती सीटची किंमत अख्ख्या काळ्या सायकलपेक्षा जास्त पडते, पण लांबचा प्रवास करणारे ती आवडीने घेतात. घेतलीच तर जिल्ह्यातल्या दोन टोकांना तिची निगा वेगळी ठेवावी लागेल. नगर, कर्जत, जामखेडच्या कोरड्या उन्हात चामडं सुकून तडकतं, म्हणून त्याला खालच्या अंगाने अधूनमधून मेणाचं मलम लावावं. अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनवाडी, घाटघरकडे पावसाळ्यात महिना-महिना उघडीप नसते. तिथे चामडं भिजून ताणलं गेलं की त्याचा झोळ होतो, म्हणून मेणकापडाचं आवरण हवंच. ओल्या चामडी सीटवर बसू नये आणि ती उन्हात वाळवू नये, सावलीत वाळवावी.

आता फोम आणि जेलकडे. बाजारात सर्वांत जास्त खपतं ते दोन-तीनशे रुपयांचं जेलचं कव्हर. अर्ध्या तासाच्या फेरीला, भाजी आणायला, ते ठीक आहे. पण मऊ पदार्थात हाडं बुडतात, आणि बुडताना मधला भाग वर फुगून नेमका त्या नसेवर दाबतो. जास्त वेळ बसणाऱ्याला मुंग्या येतात त्या यामुळे. जर्मनीत कोलोन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये २० निरोगी पुरुषांवर केलेली पाहणी या बाबतीत बोलकी आहे. चार प्रकारच्या सीटांवर बसवून त्यांनी शिश्नातल्या रक्तातला प्राणवायू मोजला. सर्वांत मोठी घट दिसली ती अरुंद आणि भरपूर गादी असलेल्या सीटवर. रुंद, पुढचं टोक नसलेल्या सीटवर ती सर्वांत कमी होती. गादी जाड असून उपयोग झाला नाही, रुंदीने फरक पडला.

अमेरिकेत सरकारी व्यावसायिक आरोग्य संस्थेने हीच गोष्ट कामाच्या ठिकाणी तपासली. सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिनटोकाच्या सीटा वापरायला दिल्या. आधीच्या सहा महिन्यांत सायकल चालवताना बधिरपणा जाणवला नाही असं सांगणारे २७ टक्के होते, नंतर ते ८२ टक्के झाले. ही पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज चार-सहा तास सायकलवर काढणाऱ्या माणसाच्या प्रश्नाला इतकं थेट उत्तर क्वचित मिळतं. मग सगळ्यांनी बिनटोकाची सीट का घेऊ नये? कारण सीटचं पुढचं टोक निकामी नसतं, मांड्यांनी ते धरून आपण सायकल सांभाळतो, वळणावर आणि एका हाताने हँडल धरताना तर नक्कीच. टोक नसलं की भार हातांवर येतो, आणि कॅरिअरवर चाळीस लिटर दूध असेल तर तो तोल सांभाळणं सोपं नाही. म्हणून सर्वसाधारण चालवणाऱ्याला मधला मार्ग बरा: मध्यभागी खोबण किंवा आरपार चीर असलेली, टोक आखूड असलेली सीट. ही कल्पनाही जुनीच. १८९०च्या दशकातच अमेरिकेत स्पॉल्डिंग कंपनीची 'क्रिस्टी' सीट दोन वेगळ्या गाद्या आणि मध्ये मोकळी जागा अशी विकली जात होती. शंभर वर्षांनी तीच गोष्ट डॉक्टरांच्या मोजमापांसह परत आली. चिरेचा फायदा मात्र सगळ्यांना सारखा होत नाही. काहींना तिच्या कडाच रुततात, त्यांना उथळ खोबण बरी पडते.

बधिरपणा सहन करण्याची गोष्ट नाही, हे इथे ठासून सांगतो. पुरुष ते बोलत नाहीत, बायका तर त्याहून नाही. सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळातही मुंग्या गेल्या नाहीत, किंवा लघवीला त्रास होऊ लागला, तर सीट बदलण्याआधी डॉक्टरांकडे जावं. मधुमेह असलेल्याने तर दुर्लक्ष करूच नये, कारण त्याच्या नसा आधीच कमजोर झालेल्या असू शकतात आणि जखम लवकर भरत नाही.

एवढं सगळं असलं तरी नवी सीट घेण्याआधी आहे तीच नीट बसवून बघावी, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं माझं मत आहे. आपल्याकडे सीट सर्रास खाली असते. रस्त्यावर गर्दी, कुत्री, कडेला वाळू, मागे ओझं, म्हणून थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकावेत अशी माणसाची इच्छा असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण सीट खाली असली की पाय पूर्ण लांब होत नाहीत. पेडलवर जोर देणारे पाय एरवी अंगाचा बराच भार उचलतात. गुडघे वाकलेलेच राहिले तर तो भार पुन्हा सीटवर येतो, आणि गुडघ्यांची दुखणी वेगळीच. उंचीची सोपी परीक्षा अशी: भिंतीला टेकून सायकलवर बसावं, पेडल अगदी खाली आणावं आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला थोडा बाक उरतो, तेवढा हवा. मोजून करायचं असेल तर हॅम्ली आणि थॉमस या इंग्रज संशोधकांनी १९६७ मध्ये दिलेला हिशेब आहे: जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची जी लांबी भरेल तिच्या १०९ टक्के अंतर खालच्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावं. पाय ८० सेंटिमीटर असेल तर अंतर साधारण ८७. ओझं वाहणाऱ्याने यातून दोन-तीन सेंटिमीटर कमी केले तरी आत्तापेक्षा पुष्कळ बरं होईल. उलट सीट फार वर गेली तर कंबर दर फेऱ्याला डावी-उजवीकडे हलते आणि घासणं सुरू होतं.

कलाचं तसंच. सीट आडवी सपाट असावी, वर पाणसळ ठेवून बघितली तर उत्तम. टोक वर गेलं की मधल्या भागावर दाब येतो. टोक फार खाली गेलं की माणूस सारखा पुढे घसरतो आणि स्वतःला मागे ढकलण्यात मनगटं दुखतात. खोबणीच्या सीटचं टोक चिमूटभर खाली केलेलं काहींना मानवतं. बदल एका वेळी एकच करावा, आणि तोही थोडा. उंची, कल आणि पुढे-मागे सरकवणं एकाच दिवशी केलं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. क्लॅम्पचा नट मात्र पक्का आवळावा. करंजी घाटाच्या उतारावर सीट ढिली होऊन गचकली तर ती फक्त गैरसोय राहत नाही.

कपड्यांचा विचार कमी होतो, तो व्हायला हवा. जुनी माणसं धोतर किंवा पायजमा घालून कोसच्या कोस जात, त्यांना जीनच्या पँटची ती जाड चौफुली शिवण मांडीत रुतत नसे. आज त्याच शिवणीवर माणूस तासभर बसतो आणि दोष सीटला देतो. लांब जायचं असेल तर बैठकीला गादी असलेली सायकलची चड्डी घ्यावी, आणि आत दुसरी चड्डी घालू नये, नाहीतर तिच्याच कडा घासतात. नगरच्या एप्रिल-मेमध्ये घाम, धूळ आणि घर्षण एकत्र आलं की केसांच्या मुळाशी पुळ्या होतात, त्या पिकतात. उतरल्याबरोबर ओले कपडे काढणं, धुणं, जागा कोरडी करणं एवढ्याने त्या बऱ्याच टळतात. झाल्याच तर एक-दोन दिवस सायकल बंद. त्यावरून पुन्हा बसणं म्हणजे जखम मुद्दाम वाढवणं.

लांब पल्ल्याची माणसं याच गोष्टीला सर्वांत जास्त भितात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची 'रॅम' शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याला बारा दिवसांची मुदत. अशा शर्यतीत पायांइतकीच बैठकीची त्वचा टिकवावी लागते, आणि पुष्कळ स्पर्धक सोबतच्या गाडीत दुसऱ्या आकाराची सीट ठेवतात, म्हणजे दाबाची जागा बदलता येते. आपल्याला तेवढं लागत नाही. पण आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकल वारी नगरवरूनच जाते, आणि २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायच्या ब्रेव्हे राईडला इथली माणसंही उतरतात. त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते: नवी सीट घेऊन थेट वारीला जाऊ नये. आधी महिनाभर रोजच्या फेरीत तिच्यावर बसून बघावं.

स्त्रियांच्या बाबतीत बाजाराने फार उशीर केला. न्यूयॉर्क राज्यातल्या अभियंता जॉर्जीना टेरी यांनी १९८५ मध्ये स्त्रियांसाठी सायकली करणारी कंपनी काढली, आणि बाईच्या बसण्याचा विचार करून मध्ये चीर पाडलेल्या त्यांच्या सीटा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आल्या. आपल्याकडे 'लेडीज सीट' म्हणून जे मिळतं ते बहुतेक गुलाबी रंगाचं, जास्त फुगलेलं रेक्झिन असतं. बाईला हवी असते ती मागे पुरेशी रुंद, टोकाला आखूड आणि मध्ये दाब न देणारी सीट. पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडा आणि कडक सीट यांच्यामध्ये मुलींच्या मांड्या सोलतात, आणि ही गोष्ट कुणी घरातही बोलत नाही. त्या दिवसांत सुती, घट्ट बसणारी चड्डी, पॅड वेळेवर बदलणं आणि मोकळी सलवार यांनी बराच फरक पडतो. शाळेत सायकली वाटताना शिक्षिकांनी हे मुलींना चार वाक्यांत सांगितलं तर केवढी सोय होईल.

आणि त्याच वेळी एक पानाही हातात घ्यावा. आठवीत मिळालेली सायकल मुलगी दहावीपर्यंत, बारावीपर्यंत चालवते. या काळात तिची उंची वाढते, पण सीट पहिल्या दिवशी दुकानदाराने जिथे आवळली तिथेच राहते. दहावीतली मुलगी गुडघे हँडलला लागतील इतकं वाकून पाच किलोमीटर शाळेला जाते, आणि घरचे समजतात की सायकल लहान झाली. दर सहा महिन्यांनी टाचेची ती परीक्षा घेऊन सीट दोन बोटं वर करता येते. फक्त सीटच्या नळीवर कंपनीने कोरलेली शेवटची रेघ बाहेर दिसू देऊ नये. रेघ नसेल तर किमान सहा-सात सेंटिमीटर नळी सांगाड्यात आत राहिली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात ती मोडते. त्यापुढेही सीट कमीच पडत असेल तर त्याच जाडीची लांब नळी सायकलच्या दुकानात मिळते. ती बसवली की तीच सायकल आणखी दोन वर्षं मापाची राहते.